पाँटून बोटीच्या आउटबोर्ड इंजिनाला पंखा (प्रोपेलर) कोणता? सध्या १४ × १३ आहे, इंजिन चढतच नाही

पाणलोट
सोमवार, सकाळी ९.१०

मंडळी, नमस्कार. इगतपुरी बाजूच्या एका धरणात आमचं पिंजऱ्यातलं मत्स्यपालन आहे. आम्ही दोघे भाऊ आणि गावातले चौघे मिळून चालवतो. आजवर खाद्याची पोती वल्ह्याच्या होडीतून न्यायचो. दोन खेपांत सकाळ संपायची, आणि पश्चिमेचा वारा सुटला की होडी पिंजऱ्याला लागायचीच नाही. म्हणून दिवाळीनंतर कोकणातल्या एका खाडीवरून जुनी पाँटून बोट आणली. २२ फूट लांब, दोन नळ्यांवर तरंगणारी, मागे ६० हॉर्सपॉवरचं फोर स्ट्रोक इंजिन. तिथे ती पर्यटकांना फिरवायची, एका वेळी पाच-सहा माणसं.

आमचं ओझं वेगळं आहे. २५ किलोची वीस पोती आणि पाच माणसं, म्हणजे साडेआठशे किलोच्या आसपास. क्षमतेच्या पाटीत ते बसतं. पण पूर्ण थ्रॉटल दिला तरी इंजिन घरघरतं आणि बोट नांगर ओढत असल्यासारखी चालते. टॅकोमीटर (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या, म्हणजे आरपीएम, दाखवणारं घड्याळ) ४७०० च्या वर सरकत नाही. पुस्तिकेत पूर्ण थ्रॉटलला ५५०० ते ६००० सांगितलंय. मोबाइलच्या जीपीएसवर वेग ताशी २२ किलोमीटर. पेट्रोलही फार जातं.

पंख्याच्या बुंध्यावर १४ × १३ असं कोरलंय. तीन पात्यांचा, अॅल्युमिनियमचा. ज्यांच्याकडून बोट घेतली ते म्हणतात, आमच्याकडे हा पंखा मस्त चालायचा. दुकानात विचारलं तर त्यांनी थेट स्टेनलेसचा घ्या म्हणून सांगितलं. किंमत ऐकून परत आलो. काय करावं?


दाभोळ खाडी

दादा, विकणारा खोटं बोलत नसणार. माझ्याकडे ह्याच ताकदीचं मशीन आहे, त्याला १४ × १२ आहे. खाडीत चार माणसं घेऊन निघालो की काटा ६१५० वर जातो आणि मशीन आपोआप आवरतं. म्हणजे हलक्या ओझ्याला माझा १२ चा पंखासुद्धा कमी पडतो. तिथे १३ बरोबरच बसला असेल. तुमच्याकडे ओझं आलं, तिथे गणित फिरलं.


पाणलोट

१४ आणि १३ हे नेमकं काय ते कुणी नीट सांगेल का? एक आकडा व्यास आहे एवढं कळतं.


सातपूरचा फिटर
सोमवार, रात्री १०.२५

पहिला आकडा व्यास, इंचात. पाती फिरताना जो गोल आखतात त्याची रुंदी. दुसरा आकडा पिच. लाकडात स्क्रू पिळला की एका फेऱ्यात तो ठरावीक अंतर आत जातो. पंखा पाण्यात तसाच न घसरता पुढे गेला असता तर एका फेऱ्यात जेवढा गेला असता, ते अंतर म्हणजे पिच. तुमचा १३ इंच. प्रत्यक्षात पाणी लाकडासारखं धरून ठेवत नाही, पंखा थोडा घसरतोच. त्याला स्लिप म्हणतात.

ह्याला गिअरसारखं समजा. कांद्याची भरलेली ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर घाट चढताना कोणी टॉपमध्ये टाकत नाही. मोठा पिच म्हणजे टॉप गिअर: हलकी बोट असेल तर वेग देतो, भरलेली असेल तर इंजिनाचा गळा दाबतो. लहान पिच म्हणजे खालचा गिअर. तुमची बोट आज टॉपमध्ये घाट चढते आहे.

अंदाजाचा हिशेब असा. पिच १ इंचाने कमी केला तर पूर्ण थ्रॉटलला साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. व्यासाचा परिणाम त्याहून जास्त असतो, पण पाँटूनवर व्यास शक्यतो कमी करू नका. जड, संथ बोटीला मोठ्या व्यासाचा आणि लहान पिचचा पंखा लागतो. तुमचं गिअर गुणोत्तर (पंख्याच्या एका फेरीला इंजिनाच्या किती फेऱ्या) किती आहे ते सांगा, त्यावर बरंच ठरतं.

आणखी एक, तातडीचं. तोवर पूर्ण थ्रॉटलवर लांब पल्ला चालवू नका. इंजिन चढत नसताना थ्रॉटल उघडा ठेवला की सिलिंडरमध्ये दाब आणि उष्णता वाढते, कार्बन साठतो, पिस्टनला मार बसतो. पेट्रोल जातं ते दिसतं, हे आतलं दिसत नाही. तीन-चार हजारांवर सावकाश न्या.


पाणलोट

गिअर २.३३ : १ आहे, खालची गिअरपेटी मोठी आहे. सावकाशच नेतो आता. धन्यवाद काका.


सातपूरचा फिटर

२.३३ म्हणजे चांगली बातमी. हा जड बोटीसाठीच बनवलेला पाय (इंजिनाचा पाण्यात उतरणारा खालचा भाग) आहे. ह्याच ताकदीच्या साध्या इंजिनात गुणोत्तर १.८३ च्या आसपास असतं, तिथे पंखा वेगाने फिरतो पण एवढा मोठा पंखा फिरवता येत नाही.

आता तुमची स्लिप काढू. न घसरता चाललेला वेग ताशी किलोमीटरमध्ये असा निघतो: आरपीएम गुणिले पिच इंचात, गुणिले ०.००१५२४, भागिले गिअर गुणोत्तर. (०.००१५२४ कुठून आला? एक इंच म्हणजे ०.०२५४ मीटर, तासात ६० मिनिटं, आणि मीटरचे किलोमीटर.) तुमचे आकडे घातले तर ४७०० × १३ × ०.००१५२४ ÷ २.३३, म्हणजे जवळजवळ ४०. प्रत्यक्ष वेग २२. म्हणजे ४५ टक्के स्लिप. पाँटूनला वीस ते तीस टक्के स्लिप मी धरून चालतो. ४५ मला पंख्याचं एकट्याचं काम वाटत नाही. काहीतरी बोटीला मागे ओढतंय. पंखा विकत घेण्याआधी ते शोधा.


जायकवाडीचा वारा

ते समुद्राचं पाणी आणि धरणाचं पाणी ह्यातला फरक नसेल ना? गोड्या पाण्यात बोट जास्त बुडते म्हणतात.


सातपूरचा फिटर

बुडते, पण किती ते बघा. समुद्राचं पाणी घनमीटरला सुमारे १०२५ किलो, गोडं पाणी १०००. अडीच टक्क्यांचा फरक. बोट आणि ओझं मिळून दोन टन धरलं तर गोड्या पाण्यात ती फक्त पन्नास लिटर पाणी जास्त सारते. दुसरीकडे पंख्यालाही तेवढंच हलकं पाणी ढकलावं लागतं. त्यामुळे आरपीएमवर ह्याचा परिणाम शोधत बसू नका.

खरा फरक हवेचा आहे आणि तो कुणी लक्षात घेत नाही. नाशिक जिल्ह्याचा हा भाग समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटरवर आहे. तिथे हवा खाडीपेक्षा पाच-सहा टक्के विरळ. इंजिन जेवढी हवा ओढतं तेवढीच ताकद देतं. दर तीनशे मीटरला तीन टक्के ताकद जाते असा ठोकताळा आहे. म्हणजे तुमच्या ६० पैकी जवळपास चार हॉर्सपॉवर कसारा घाट चढतानाच गळाले. इंजेक्शनचं इंजिन पेट्रोल हवेच्या मापाने कमी करतं, त्यामुळे ते धूर काढत नाही, पण गेलेली हवा आणू शकत नाही. एप्रिल-मेच्या दुपारी उन्हाने हवा आणखी विरळ होते.

पण हेही फुगवून सांगायला नको. पंखा फिरवायला लागणारी ताकद आरपीएमच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे ताकद सहा-सात टक्के घटली तर आरपीएम दोन-अडीच टक्केच घटतात, सव्वाशे-दीडशे. पिचच्या भाषेत एक इंच. तुम्हाला तर आठशेच्या वर कमी पडतायत. उंचीने एक इंच खाल्ला, बाकीचं ओझ्याने आणि आणखी कशाने तरी.


पाणलोट

हे कुणीच सांगितलं नव्हतं. खाडीवर चाललेला पंखा घाटावर चालेलच असं नाही, हे डोक्यातच आलं नाही. बोटीला मागे काय ओढत असेल, कुठून सुरुवात करू?


गोदाकन्या
मंगळवार, दुपारी १.४०

दादा, मी नाशिकच्या केटीएचएम कॉलेजच्या बोट क्लबवर रोइंगचा सराव करायचे, तेव्हा सोबत चालणाऱ्या मोटरबोटीची देखभाल आमच्याकडेच असायची. त्या अनुभवावरून सांगते.

पहिल्यांदा नळ्या वर काढून बघा. खालून शेवाळ धरलं असेल तर पत्रा हाताला खरबरीत लागतो. तेवढ्यानेही बोट जड होते. दुसरं, नळीत पाणी शिरलंय का? उतारावर ओढून मागचा बूच काढा. बूच नसेल तर दोन्ही नळ्या हाताने ठोकून आवाज ऐका, रिकाम्या आणि भरलेल्या माठाच्या आवाजात असतो तसा फरक कळतो. बोट उभी असताना एका अंगाला कलते का हेही बघा.

तिसरं, पंख्याला काय गुंडाळलंय. गंगेत (आमच्या गोदावरीत) पाणवेली वाढल्या की आमचा पंखा दिवसाआड बांधला जायचा. पाणवेलीचा देठ मऊ असतो, पण मुळांचा गुंता पंख्याच्या दंड्याभोवती घट्ट बसतो. पाणवेली पायाच्या बाजूच्या जाळीवर चिकटल्या तर थंड करणारं पाणी बंद होतं. म्हणून मागून येणारी पाण्याची बारीक धार चालताना सतत बघायची. धार बारीक झाली की लगेच बंद करायचं. पाणवेली काढताना आधी इंजिन बंद, चावी खिशात, सुरक्षेची दोरी काढलेली, मगच हात घालायचा. ह्यात कधीही घाई नको.


दाभोळ खाडी

ताईंनी पाणवेली सांगितली, मी नायलॉन सांगतो. तुमच्याकडे पिंजरे म्हणजे जाळी आलीच. बारीक तंगूस पंख्याच्या मागे दंड्यात शिरला की दिसत नाही, सील कापतो. मग गिअरपेटीत पाणी. पेटीतलं तेल काढून बघा, दुधासारखं पांढरट झालं असेल तर सील गेलं. मी दर महिन्याला पंखा काढतो, दंडा पुसतो, खाचांना ग्रीस लावतो. नाहीतर पंखा गंजून असा बसतो की हातोड्यानेही निघत नाही.

आणि दादा, बोट खाऱ्या पाण्यातून आलीय ना? पायाला जे धातूचे तुकडे लावलेले असतात, स्वतः झिजून बाकीचं वाचवणारे अॅनोड, ते जस्ताचे असतील. गोड्या पाण्यात जस्त नीट काम करत नाही, त्याच्यावर पापुद्रा धरतो. तिकडे मॅग्नेशियमचे लावा.


सातपूरचा फिटर

दोघांचंही लाखमोलाचं. माझ्याकडून चार तपासण्या:

टॅकोमीटर खरं बोलतोय का? काट्याच्या घड्याळाच्या मागे इंजिनाच्या पोल्सप्रमाणे (वीज बनवणाऱ्या भागातल्या चुंबकांच्या संख्येप्रमाणे) निवडायची कळ असते. ती चुकली असेल तर आकडा सरसकट खोटा येतो आणि सगळं गणित वाया.

इंजिन बंद ठेवून, झाकण काढून, एकाने थ्रॉटल पूर्ण पुढे ढकलायचा आणि दुसऱ्याने बघायचं की इंजिनावरचा थ्रॉटल शेवटच्या अडणीला टेकतो का. केबल ताणली असेल तर तुम्ही पूर्ण दिलाय असं वाटतं, इंजिनाला तीन चतुर्थांशच मिळतो.

पंख्यातलं रबर. पात्यांचा भाग आणि आतला दंड्यावर बसणारा भाग ह्यांच्यामध्ये रबराचा हब असतो. पंखा दगडाला लागला तर हा रबर सरकून गिअर वाचवतो. पण एकदा सुटला की इंजिन फिरतं आणि पाती मागे राहतात. आतल्या आणि बाहेरच्या भागावरून मार्करने एक सरळ रेघ ओढा. एक फेरी मारून या. रेघ तुटली असेल तर हब गेला. तुमच्याकडे इंजिन चढत नाहीये, त्यामुळे हब गेला नसणार, पण रेघ ओढून ठेवा, कायमची उपयोगी पडते.

चौथं, इंजिनाची उंची. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते ती चालताना पाण्याखालीच राहिली पाहिजे. वर आली तर पंखा वळणावर हवा ओढतो, इंजिन एकदम किंचाळतं आणि बोट थांबल्यासारखी होते. अनेकजण ह्याला कॅव्हिटेशन म्हणतात. ते वेगळं: पात्याच्या मागे दाब इतका पडतो की पाणी तिथेच उकळून बुडबुडे होतात, आणि ते फुटताना पात्याला देवीच्या व्रणासारखे खड्डे पडतात. हवा ओढणं उंचीने सुटतं, कॅव्हिटेशन पात्याची कड सरळ करून किंवा पंखा बदलून.


पाणलोट
शनिवार, संध्याकाळी ७.३०

शुक्रवारी बोट ट्रॅक्टरने वर ओढली. सगळं तुम्ही सांगितलंत तसं केलं.

थ्रॉटल बरोबर. टॅकोमीटर बरोबर. तेल स्वच्छ, सील शाबूत. दंड्याभोवती हातभर तंगूस निघाला, तो आमच्याच जाळीचा. रेघ ओढली, सरकली नाही.

पण उजवी नळी. बूच काढला आणि पाणी वाहतच राहिलं. बादल्यांनी मोजलं, १३० लिटर! एवढं वजन आम्ही रोज फुकट वाहत होतो. सांध्याला केसाएवढी भेग होती. अंबडला एका वर्कशॉपमध्ये नळी वेल्ड करून घेतली आणि हवा भरून, साबणाचं पाणी लावून तपासली. खालचं शेवाळही घासलं.

आज सकाळी तीच वीस पोती, तीच पाच माणसं. ४९०० आरपीएम, वेग साडेतेवीस. ताईंना आणि सगळ्यांना मनापासून धन्यवाद. नळीचं सांगितलं नसतं तर मी पंखा घेऊन मोकळा झालो असतो आणि पाणी वाढतच गेलं असतं.


गोदाकन्या

वाचून बरं वाटलं. दादा, पोती कुठे ठेवता? पुढे रचली तर पाँटूनचं नाक खाली जातं आणि लाट थेट डेकवर येते. मध्यभागी, किंचित मागे ठेवा, दोन्ही नळ्यांवर सारखी. आणि लाइफ जॅकेट पोत्याखाली नको, अंगावर.


पाणलोट

आजवर पुढे रचायचो, उतरवायला सोपं म्हणून. उद्यापासून मध्ये.


सातपूरचा फिटर
रविवार, सकाळी ११.००

आता पंखा. ४९०० वरून ५५०० च्या वर जायचं. सहाशे वाढवायचे तर इंचाला दोनशेच्या हिशेबाने तीन इंच, म्हणजे १४ × १०. पण हा ठोकताळा आहे, प्रत्येक बोट थोडी वेगळी वागते. तुमच्या आसपास कुणाकडे ११ किंवा १० असेल तर उसना घेऊन एक फेरी मारा. एक फेरी दहा सल्ल्यांच्या बरोबरीची.

फेरी मारताना: वारा नसताना सकाळी, नेहमीचं पूर्ण ओझं, टाकी भरलेली, एकदा जाताना आणि एकदा येताना मोजून सरासरी. पूर्ण थ्रॉटल फक्त काटा स्थिर होईपर्यंत. मग ओझं उतरवून रिकामी बोट पुन्हा मोजा. भरलेली असताना ५५०० गाठली पाहिजे आणि रिकामी असताना ६००० च्या वर जाता कामा नये. तुमची बोट रोज भरून जाते आणि रिकामी येते, म्हणून दोन्ही टोकं बघायची. पर्यटकांच्या बोटीला हा प्रश्न एवढा येत नाही.


जायकवाडीचा वारा

१३ चाच पंखा सातपूरला कुणाकडून तरी कापून, ठोकून पिच कमी करून मिळणार नाही का? नाशकात एवढी वर्कशॉप आहेत. नवीन घेण्याचा खर्च वाचेल.


सातपूरचा फिटर

माझा जन्म ह्याच वर्कशॉपांत गेला म्हणून ठामपणे सांगतो, हे करू नका. एखाद-दुसरा इंच पिच बदलून देणारे पंख्याचे खास कारागीर असतात, त्यांच्याकडे साचे असतात. तीन इंच कुणीच काढत नाही, धातू थकतो. अंदाजाने ठोकला तर तिन्ही पाती तीन वेगवेगळ्या कोनांत राहतात. मग कंप येतो आणि तो थेट गिअरपेटीच्या बेअरिंगवर जातो. व्यास घासून कमी केला तर आरपीएम चढतील, पण पाण्याला धरणारं क्षेत्रफळच जाईल. भरलेल्या बोटीला ते क्षेत्रफळ हवं आहे.

पात्याच्या कडेला लहानसा ठोका असेल तर बारीक कानसेने गुळगुळीत करा. एवढं घरी करायला हरकत नाही.


ओझरचा मासेवाला

माझ्याकडे ११ चा आहे, १४ च्याच व्यासाचा, त्याच पेटीचा. पालखेडला माझी छोटी बोट चालते. दादा, घेऊन जा, चार दिवसांनी परत करा. फक्त दंड्याच्या खाचा मोजा आधी, माझ्या पंख्याला १५ आहेत.


पाणलोट

१५ च आहेत! भाऊ, उद्याच येतो. काय बोलू.


दाभोळ खाडी

बसवताना एक लाकडाचा ठोकळा पात्याच्या आणि वरच्या पट्टीच्या मध्ये अडकवा, म्हणजे नट सोडताना पंखा फिरत नाही. बोटं वाचतात. थ्रस्ट वॉशर (पंख्याचा रेटा झेलणारी चकती) आतल्या बाजूला जातो, तो उलटा घालू नका, आणि कुठे पडला तर त्याच्याशिवाय पंखा बसवू नका. स्प्लिट पिन प्रत्येक वेळी नवीन. नट पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कला आवळा.


पाणलोट
बुधवार, सकाळी १०.५०

११ चा बसवला. भरलेली बोट: ५३००, वेग २५. रिकामी, दोन माणसं: ५६५०. एका पंख्याने एवढा फरक पडेल असं वाटलं नव्हतं. पिंजऱ्याकडे जाताना बोट पाण्यातून उचलल्यासारखी झाली. भाऊ म्हणाला, घरघर गेली. पण भरलेली अजून ५५०० ला दोनशेने कमी.

आता चार पात्यांचा घेऊ की तीन? आणि स्टेनलेसचं काय?


सातपूरचा फिटर

आकडे ठोकताळ्यावरच चाललेत. दोन इंचाला चारशे. म्हणजे तीन पात्यांचा १० घेतला तर भरलेली ५५०० किंवा किंचित वर, आणि रिकामी ५८०० ते ५९००. दोन्ही टोकं पट्ट्यात.

चार पात्यांचे फायदे खरे आहेत. संथ वेगात पाण्याला चांगला धरतो, वळणावर हवा कमी ओढतो, मागे घेताना ताकद देतो, कंप कमी. पिंजऱ्याला बोट लावायची म्हणजे पुढे-मागे, पुढे-मागे, तिथे त्याचा उपयोग होईल. पण चौथं पातं जास्त पाणी ढकलतं, म्हणून त्याच पिचला आरपीएम थोडे उतरतात. चार घेतलीत तर पिच ९ घ्यावा लागेल. किंमत जास्त, आणि अडचणीच्या वेळी आसपास उसना मिळणार नाही. तुमच्याजागी मी आज तीन पात्यांचा १० घेईन.

धातूबद्दल माझं मत पक्कं आहे: अॅल्युमिनियम. स्टेनलेस कडक असतो, ताकदीखाली पातं वाकत नाही, वर्षानुवर्षं टिकतो, खोल आणि स्वच्छ पाण्यात उत्तम. पण तुमचं धरण उन्हाळ्यात उतरतं. मार्चनंतर पाण्याखालून काळा पाषाण, जुने बांध, झाडांचे बुंधे हातभर अंतरावर येतात. अॅल्युमिनियमचं पातं लागलं की वाकतं किंवा तुटतं आणि मार तिथेच थांबतो. स्टेनलेसचं पातं टिकून राहतं, मग मार पुढे दंड्याकडे आणि गिअरकडे जाऊ शकतो. एका स्टेनलेसच्या किमतीत तीनेक अॅल्युमिनियमचे येतात. एक बसवा, एक बोटीत ठेवा.


पाटबंधाऱ्यालगत

काकांचं धरणाबद्दल अगदी खरं. आमचं जुनं गाव पाण्याखाली गेलेलं आहे. मे महिन्यात विहिरीचा कठडा आणि देवळाचं जोतं वर येतं. पाणी असताना ते कुठे आहे हे आमच्या वडिलांच्या पिढीलाच नेमकं माहीत. त्यांना एकदा बोटीत बसवून फेरी मारा, मोबाइलच्या नकाशावर खुणा टाकून ठेवा. पंख्याचं आयुष्य तिथे वाढतं.


पाणलोट

हे फार आवडलं. आमच्याकडेही आजोबा आहेत, ८१ वर्षांचे. आमचं शिवार कुठे होतं ते बांधावर बसून हाताने दाखवतात. ह्या रविवारी त्यांना नेतो.


पाणलोट
तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ९.१५

उशीर झाला, क्षमस्व. पंखा यायला वेळ लागला. मागवताना पेटीचा प्रकार, खाचा, उजवीकडे फिरणारा, हबचा प्रकार हे सगळं लिहून दिलं. पहिल्यांदा त्यांनी दुसऱ्या कंपनीच्या इंजिनाचा पाठवला होता, व्यास-पिच बरोबर पण दंड्यात शिरलाच नाही. परत करून बदलून घेतला. मॅग्नेशियमचे अॅनोडही लावले.

१४ × १०, तीन पाती. भरलेली बोट: ५५५०, वेग २६. काकांच्या सूत्राने न घसरता ३६ व्हायला हवा होता, म्हणजे स्लिप २८ टक्के. रिकामी: ५८५०. पूर्ण थ्रॉटल आता लागतच नाही, ४२०० वर आरामात जातो. जाऊन-येऊन पूर्वी अकरा लिटर लागायचं, गेल्या आठवड्यात रोज मोजलं, साडेआठ ते नऊच्या मध्ये.

ओझरच्या भाऊंचा ११ चा परत केला, सोबत चार किलो तिलापिया.

आजोबांना नेलं होतं. पुढे खुर्ची ठेवली, जॅकेट घातलं. ते सांगत होते आणि पुतणी मोबाइलवर खुणा टाकत होती. इथे चिंचेचा बुंधा. इथे पाटलाची विहीर. इथे आपला मळा, इथून बांध सरळ नदीपर्यंत. एकूण चौदा खुणा झाल्या. त्यातल्या दोन आमच्या रोजच्या वाटेवर होत्या, वाट तीस मीटर दक्षिणेला सरकवली. मळ्याच्या जागी आल्यावर त्यांनी इंजिन बंद करायला सांगितलं. थोडा वेळ तिथेच थांबलो.


गोदाकन्या

दादा, त्या खुणा गावातल्या बाकीच्या होडीवाल्यांनाही द्या.


पाणलोट

दिल्या ताई, ग्रुपवर टाकल्या.

एक राहिलं. दाभोळच्या दादा, तुमचं मशीन हलक्या ओझ्याला ६१५० वर जातं म्हणालात. माझा १४ × १३ नुसता पडून आहे. कडा कानसेने साफ केल्यात, हबची रेघ शाबूत आहे. तुमची पेटी आणि खाचा जुळत असतील तर पाठवू का?


दाभोळ खाडी

आत्ताच खाली जाऊन मोजल्या. १५. दादा, एसटीने चिपळूणला टाका, मी उचलतो. फेरी मारली की आकडे इथेच लिहितो.